तांब्याचा हंडा आणि सात हिरवे मासे

माशांचं दुकान म्हटलं की लोकांचे डोळे लकाकतात. "काय मजा असेल हो, दिवसभर रंगीत मासे बघत बसायचं!" अहो, मासे बघायला सवड कुणाला होती? सव्वीस वर्षं मी पाणी उचललं. बादलीनं उचललं, कॅननं उचललं, लिफ्ट नसलेल्या इमारतींचे तीन-तीन जिने चढून उचललं. परवा डॉक्टरांनी माझ्या कमरेचा फोटो उजेडात धरून विचारलं, काय काम करत होतात? म्हणालो, समुद्राचं पाणी वाहत होतो. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू म्हातारा चळलाय. बरोबरच आहे, औरंगाबादला कुठला आलाय समुद्र?

पण होता. क्रांती चौकापासून हाकेच्या अंतरावर माझं दहा बाय बाराचं दुकान होतं, आणि तिथून या गावातल्या पंधरा-वीस घरांत मी समुद्र पोचवला. गोड्या पाण्याचे मासे सगळेच विकतात. खाऱ्या पाण्याची टाकी, तीही जिवंत कोरलची, म्हणजे प्रवाळाची, ती लावणारे आम्ही मोजकेच. शहराच्या पाटीवरचं नाव बदललं, नळाच्या पाण्याची वाट बघणं काही बदललं नाही. अशा गावात मी एक बादली शुद्ध पाणी करायला दोन-तीन बादल्या वाया घालवायचो. कारण कोरलला साधं पाणी चालत नाही. आधी ते मशीनमधून गाळून अगदी कोरं करायचं, मग त्यात समुद्राचं खास मीठ मोजून विरघळवायचं. शेजारचे घड्याळजी इक्बालभाई रोज एकदा तरी विचारायचेच, "शेषराव, तुम पानी बेचते कि मछली?" मी म्हणायचो, "दोनों नक्को भाई, आजकल सिर्फ कमर बेचता हूँ."

दुकान गेल्या मार्चमध्ये बंद केलं. वाईट वाटलं का, असं सगळे विचारतात. खरं सांगू? आधी झोप लागली. लई वर्षांनी गाढ झोप लागली. वाईट नंतर वाटलं, आणि ते दुकानाचं नव्हतं. ते ज्याचं वाटलं तेच लिहायला बसलोय.

आधी त्या माशांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही. डॅमसेल नावाची माशांची एक जात आहे. बोटाएवढे असतात, रंग असे की बघत राहावं, आणि बहुतेक सगळे एक नंबरचे भांडखोर. दगडाची एक फट पकडतील आणि तिच्यासाठी आपल्या चौपट माशाच्या अंगावर धावून जातील. त्यातले थोडेच शांत. पिवळ्या शेपटीचा निळा तसा बरा. सगळ्यात शांत तो हिरवा, क्रोमिस. पिस्त्याच्या रंगाचा, उजेड पडला की अंगावर निळसर झाक मारतो, आणि थव्यानं राहतो. घरातल्या टाकीत एकत्र ठेवायला याच्यासारखा मासा नाही, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो.

दौलताबाद रोडवर एक ढाबेवाले होते. त्यांनी हौसेनं टाकी लावली आणि दर आठवड्याला एक-एक क्रोमिस नेऊन सोडला. मी गावाला गेलो होतो, विकणारा माझा भाचा. दोन महिन्यांनी ढाबेवाले उगवले. "शेषराव, शांत मासे म्हणून दिले व्हते ना? एकानं बाकीचे सगळे साफ केले की ओ!"

"मग आता?"

"आता एकच हाय. आता लई शांत हाय."

तर शांत म्हणजे काय, हे मला या धंद्यात उशिरा कळलं. शांत मासा म्हणजे ज्याला भांडायचं कारण मिळालेलं नाही असा मासा. कारण मिळू द्यायचं नाही, एवढंच आपलं काम. सगळे एकदम सोडायचे, म्हणजे कुणी आधीचा नाही, कुणी मागाहून आलेला नाही. दोन-चार नाही, सात तरी घ्यायचे, म्हणजे दादागिरी सगळ्यांत वाटली जाते, एकाच गरिबाच्या वाट्याला येत नाही. खाणं थोडं-थोडं पण दिवसातून दोन-तीनदा. उपाशी क्रोमिस सगळ्यात लहानाची शेपटी कुरतडतो. आणि जुन्या टाकीत नवा मासा सोडायचाच असला तर आधी आतले सगळे दगड उचलून वेगळे रचायचे. मग जुन्यांचीही घरं जातात, सगळेच नवखे होतात, आणि नवखी माणसं एकमेकांना जरा सांभाळूनच घेतात.

ही सगळी अक्कल माझ्याकडं होती. तरी ज्योतीनगरच्या टाकीत मी माती खाल्ली.

तिथं दुसऱ्या मजल्यावर सुहास राहायचा. वाळूजला एका कंपनीत इंजिनिअर. घरात त्याची आई, तिला सगळे माई म्हणायचे, आणि बायको अंजली, शाळेत शिक्षिका. मूलबाळ नव्हतं. सुहासनं चार फुटांची टाकी माझ्याकडून करून घेतली, पण आतले दगड मला लावू दिले नाहीत. दोन रविवार बाह्या वर करून स्वतः रचत बसला. मग कोरल लावले, गोगलगायी आणि कोळंबी सोडली, आणि शेवटी एकदम सात क्रोमिस. सगळ्यात लहान जो होता त्याचं नाव त्यानं लिंबू ठेवलं. मी म्हणायचो, "साहेब, माशांना नावं ठेवू नका, मेले की जास्त लागतं." तो हसायचा. "शेषराव, तुम्ही आहात ना!"

दोन वर्षांनी सुहासच गेला. चव्वेचाळीस वय. कंपनीत छातीत दुखलं आणि संपलं. तेराव्यानंतर अंजलीवहिनींचा फोन आला. मला वाटलं टाकी काढून न्यायला सांगतील, बरेच लोक तसंच करतात. गेलो तर माई टाकीसमोर खुर्ची टाकून बसलेल्या. म्हणाल्या, "शेषराव, तो ठेवून गेला तशीच राहिली पाहिजे. बाकी मला काही कळत नाही."

त्या घरात आता हीच एक गोष्ट त्याच्या हाताची आणि जिवंत उरली होती. दोघीजणी एकमेकींशी फारसं बोलत नव्हत्या, पण टाकीसमोर बसायच्या. मी मनाशी ठरवलं, दुसरीकडं काही होवो, इथं काही मरता कामा नये.

कामं वाटून दिली. वहिनींनी खाणं घालायचं. मी रविवारी येऊन काच घासणार, पाणी बदलणार. आणि माईंनी रोज पाण्याची घट भरून काढायची. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं, म्हणून वरून रोज तांब्या-दोन तांबे गाळलेलं कोरं पाणी घालावं लागतं. मशीन लावून दिलं होतंच. मी माईंना म्हणालो, "पाणी आदल्या दिवशी गाळून ठेवा, माई. स्वच्छ भांड्यात. झाकून."

हे माझे शब्द. आजही जसेच्या तसे आठवतात.

अडीच-तीन महिने बरे गेले. मग गोगलगायी काचेवरून सुटून खाली पडायला लागल्या. नंतर कोळंबी मेली. मग कोरल मिटायला लागले. कोरल म्हणजे दगड नाही, जीव आहे तो, दिवसा फुलतो. तो फुलेनासा झाला, आणि एका रविवारी बघतो तर त्याचं मांस सुटून खालचा पांढरा सांगाडा दिसत होता. मासे तेवढे शाबूत होते, पण मलूल.

मी मीठ तपासलं, क्षार तपासले, दिव्यांची जागा बदलली, पंप धुतला. काही सापडेना. धंद्यातल्या माणसाला "कळत नाही" म्हणायला लई जड जातं. माईंच्या समोर तर फारच. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. आणि मी आपलं आमच्या धंद्यातलं ठरलेलं उत्तर ठोकून दिलं. गिऱ्हाइकाच्या टाकीत काहीही बिघडलं आणि कारण सापडलं नाही की आम्ही सगळे हेच म्हणतो.

"वहिनी, खाणं जास्त पडतंय."

अंजलीवहिनी म्हणाल्या, "भाऊ, मी चिमटीएवढंच घालते. सुहास घालायचे तेवढंच."

"मग तेही जास्त होतंय. निम्मं करा. दिवसातून एकदाच."

माई उठल्या. आवाज चढवणारी बाई नव्हे ती. हळूच म्हणाल्या, "त्याचं एवढं तरी नीट सांभाळायचं होतंस गं." आणि आत गेल्या.

वहिनींचा चेहरा मला अजून दिसतो. त्या रडल्या नाहीत. खाण्याची डबी उचलून त्यांनी कपाटात ठेवली आणि मला विचारलं, "चहा घेणार ना?" मी घेतला. लाज वाटायला हवी होती, पण मी बशीत ओतून घेतला.

पुढचे दोन महिने त्या बाईनं दाणे मोजून घातले. आणि व्हायचं तेच झालं. मासे उपाशी राहायला लागले, थवा फुटला, मोठे दोघे लहानांच्या मागं लागले. सगळ्यांत आधी लिंबूची शेपटी गेली, मग लिंबू गेला. त्याच्या मागून आणखी एक. उपाशी क्रोमिसचं काय होतं हे मला माहीत होतं, इथंच वर लिहिलंय की. पण एकदा तोंडातून निघालेला शब्द मागं घ्यायचा कसा? कोरल कशानं मरत होते ते नंतर कळलं. लिंबू मात्र माझ्या जिभेनं मेला.

त्यानंतर एका मंगळवारी, म्हणजे माझा वार नसताना, मी त्याच इमारतीत दुसऱ्या कामासाठी गेलो होतो. म्हटलं, टाकीवर एक नजर टाकू. दार वहिनींनी उघडलं, शाळेला निघायच्या घाईत होत्या. आत माईंची पूजा नुकतीच झाली होती. देवघराच्या दाराशी पाटावर एक हंडा होता. तांब्याचा. चिंच लावून घासून असा लख्ख केलेला की तोंड दिसावं. माईंनी झाकण काढलं, तांब्या बुडवला, टाकीशी आल्या आणि बारीक धारेनं पाणी सोडायला लागल्या. तोंडानं म्हणत होत्या, "घे बाळा. घे."

तांबं. टाकीत रोज तांबं जात होतं.

गोड्या पाण्यातल्या माशाला रोग झाला की आम्ही तांब्याचं औषध घालतो. पण जिथं कोरल आहे, गोगलगाय आहे, तिथं तांब्याचा थेंब चालत नाही. त्यांना ते सरळ विष. हे आमच्या धंद्यात पोराटोरांनाही ठाऊक. तांबं तपासायचं किट माझ्या दुकानात औषधाच्या कपाटात पडून होतं. मी ते काढलंच नाही, कारण मी औषध घातलं नव्हतं, मग टाकीत तांबं येईल कुठून? घरातून येईल, हे डोक्यातच आलं नाही. आणि कोरं पाणी फार हावरट असतं, ज्या भांड्यात ठेवाल त्याचं काही ना काही ओढून घेतं. त्यातून चिंचेनं घासलेला हंडा!

"हे पाणी हंड्यात कधीपासून ठेवता, माई?"

"तुम्ही सांगितलंत तेव्हापासून. स्वच्छ भांड्यात म्हणालात ना? प्लास्टिक कुठलं स्वच्छ? सुहासला मुंजीपासून मी रोज सकाळी याच हंड्यातलं पाणी देत होते. तांब्याचं पाणी अंगी लागतं."

 त्या चहा टाकायला वळल्या तेव्हा खिशातली शिशी काढून हंड्यातलं थोडं पाणी भरून घेतलं. दुकानात येऊन तपासलं. नळीतला रंग गडद उतरला, तांबंच होतं.

काय सांगणार होतो? "माई, मुलाची टाकी तुमच्या हातानं मेली"? ज्या बाईला तेवढीच एक गोष्ट उरलीय तिला? मग मी रविवारी गेलो आणि सांगितलं की माझ्या मिठाची गोणी खराब निघाली. दोष माझा. दगडांत ते सगळं मुरलंय, म्हणून दगड बदलावे लागतील, ते मी माझ्याकडून बदलून देतो. हंड्याबद्दल एवढंच म्हणालो, "जड आहे माई, तुमची कंबर जाईल. हा कॅन ठेवा, तोटी सोडली की झालं." माईंनी कॅनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणाल्या.

सुहासनं रचलेला एक-एक दगड मी बाहेर काढला. लई जिवावर आलं. माईंनी ते सगळे गॅलरीत तुळशीच्या कुंडीभोवती मांडले. टाकी धुतली, नवे दगड रचले, नवं पाणी केलं, आणि ते मुरेपर्यंत पाचही जुने मासे दुकानात माझ्याकडं ठेवले. मग एका सकाळी ते पाच आणि नवे चार एकाच वेळी सोडले. कुणाचंच घर नव्हतं तिथं. नऊच्या नऊ मधोमध गोळा होऊन थरथरत उभे राहिले, आणि संध्याकाळपर्यंत एका थव्यानं फिरायला लागले. कुणी कुणाची शेपटी धरली नाही. खाणं पुन्हा पहिल्यासारखं सुरू करा, एवढं मी वहिनींना सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

खराब मिठाची गोष्ट सुहासच्या एका मित्रानं चारचौघांत सांगितली. माझी तीन-चार गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. पण मला त्याचं काही वाटलं नाही, उलट मनातून बरंच वाटायचं. आपण एका म्हातारीचं दुःख झाकलं, पदरचं नाव घालवून झाकलं, अशी एक फुशारकी मी पुढं कितीतरी वर्षं आतल्या आत बाळगली. दर रविवारी त्या घरचा चहा घेताना ती जरा गरम व्हायची.

दोन वर्षांपूर्वी माई गेल्या. आणि दुकान बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात अंजलीवहिनी आल्या. त्या पुण्याला बहिणीकडं राहायला निघाल्या होत्या. नऊतले तीन मासे उरले होते, ते माझ्याकडं द्यायचे होते. रिक्षातून एक पिशवीही उतरवली. पिशवीत तो हंडा.

"माईंनी तुम्हाला द्यायला सांगितलाय," म्हणाल्या.

मी हंडा पिशवीतून बाहेर काढला.

"भाऊ, तुम्ही शिशीत पाणी भरलंत ते त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं होतं. तुम्ही मिठाचं सांगून गेलात, त्याच दिवशी मला जवळ बसवून म्हणाल्या, हंड्यातल्या पाण्यात मीठ नसतं गं. मग शेषरावांनी ते कशाला नेलं? त्यांनी माझी माफी मागितली. माझे दोन्ही हात धरून मागितली. आणि म्हणाल्या, शेषरावांना कळू देऊ नकोस आपल्याला कळलंय ते. माणसानं एवढं अंगावर घेतलंय, त्याचं समाधान मोडू नकोस."

म्हणजे इतकी वर्षं मी त्यांना सांभाळतोय असं समजत होतो, आणि त्या दोघी मला सांभाळत होत्या. तोंड लपवायला जागा नव्हती, दुकान दहा बाय बाराचंच.

वहिनी जायला निघाल्या. पायरी उतरून थांबल्या. रागात नव्हत्या, दमलेल्या वाटल्या.

"एक विचारू का? माईंनी माफी मागितली. तुम्ही नाही मागितली. तुम्हाला तर खरं कारण माझ्याआधी कळलं होतं. मी दर रविवारी वाट बघायचे. वाटायचं, आज चहा पिताना तरी म्हणतील."

मी तोंड उघडलं. पण मागं पंप घरघरत होता, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि सव्वीस वर्षं बोलून पोट भरणाऱ्या माझ्या तोंडातून काय निघावं? "सांभाळून जा, पावती घेतली ना रिक्षाची?" रिक्षाची पावती! त्या "हो" म्हणाल्या आणि गेल्या.

ते तीन मासे आता मुकुंदवाडीला माझ्या घरी आहेत, खिडकीपाशी, छोट्या टाकीत. तिघंही म्हातारे झालेत, भांडायचा जोर कुणातच राहिलेला नाही. हंडा कोपऱ्यात आहे. बायको घासायला काढते, मी घासू देत नाही, काळा पडू दे म्हणतो. सकाळी चिमटीभर खाणं घालतो तेव्हा ते वर येतात आणि मला रोज ती कपाटात ठेवलेली डबी आठवते. पुण्याचा फोन नंबर माझ्याकडं आहे. दोनदा लावून रिंग जायच्या आधी बंद केला. हा दिवाळी अंक मात्र वहिनी दरवर्षी विकत घेतात, हे मला माहीत आहे, माईंना त्याच वाचून दाखवायच्या. म्हणून संपादकांनी विचारलं तेव्हा लगेच हो म्हणालो.

वहिनी, खाणं कधीच जास्त पडत नव्हतं. तुम्ही बरोबर घालत होता. चूक माझी होती, मला माफ करा.